रंग चढावा, पण जीव राहावा

(वार्षिक समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



स्मरणिकेसाठी हे भाषण लिहून काढताना मी त्यात फारसा बदल केलेला नाही. त्यामुळे वाचताना मी समोर उभा राहून बोलतो आहे असे कुठे कुठे वाटेल. ते तसेच असू द्यावे.

विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला कल्पना आहे. समुद्रातला एक काटेरी प्राणी, त्याचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे अंडे आणि त्या अंड्यात शिरणारा रंग, एवढाच हा विषय आहे. मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, निदान नोकरीला लागावे, ही आपली इच्छा रास्त आहे. त्यात हे अंड्याचे काय? याचे उत्तर मी एका वाक्यात देणार नाही. आधी प्रश्न काय होता तो समजून घेऊ, म्हणजे त्या माणसांनी आयुष्ये का घालवली ते आपोआप कळेल.

प्रश्न असा. जिवंत वस्तूच्या आत काय चालले आहे ते तिला न मारता कसे पाहायचे?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ज्या तयार काचपट्ट्या पाहता, त्यांतील बहुतेक सर्व पेशी मेलेल्या असतात. ऊतकाचा तुकडा आधी अल्कोहोलात किंवा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, मग मेणात बसवतात, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतात आणि मग त्यावर रंग चढवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेशीविषयी जी माहिती जमा झाली, तिचा फार मोठा भाग असाच मिळाला होता. त्या कापांत सुंदर जाळी दिसत, तंतू दिसत, कण दिसत. विद्वानांनी त्यांची चित्रे काढली, त्यांना नावे दिली आणि त्यांवरून एकमेकांशी भांडणेही केली.

पण उकडलेले अंडे पाहून कच्च्या अंड्याचा पांढरा बलक वाहतो की घट्ट असतो, हे कुणाला सांगता येईल का? १८९९ साली जर्मनीत आल्फ्रेड फिशर आणि इंग्लंडमध्ये विल्यम हार्डी यांनी नेमके या दुखऱ्या जागी बोट ठेवले. ज्यात पेशी मुळीच नाही अशा प्रथिनांच्या साध्या द्रावणावर त्यांनी तीच औषधे वापरली, आणि त्या द्रावणातही तशीच जाळी आणि तसेच कण तयार झाले. म्हणजे पेशीत दिसणारी काही रचना ही पेशीची नसून औषधाची करामत होती. कोणती खरी आणि कोणती खोटी, हे मेलेल्या पेशीला विचारून कळणार नव्हते. जिवंत पेशीलाच विचारायला हवे होते.

आणि जिवंत पेशी तर पाण्यासारखी पारदर्शक! तिच्यात सगळे आहे, पण दिसत काहीच नाही.

इथे आपला काटेरी प्राणी पुढे येतो. त्याला इंग्रजी नावावरून सी-अर्चिन म्हणतात. तारामाशाचाच हा नातलग आहे. लिंबापासून मोसंब्याएवढा गोल, कठीण कवचाचा आणि अंगभर साळिंदरासारखे काटे असलेला. कोकणातल्या मुलांनी ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत तो पाहिला असेल. न पाहता पाय टाकला असेल तर जन्मभर आठवणीत राहिला असेल. याची मादी एका वेळी लाखो अंडी समुद्राच्या पाण्यात सोडते. नर आपले शुक्राणू पाण्यातच सोडतो. फलन शरीराबाहेर, उघड्यावर होते. अंड्यावर कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नसते. ते इतके लहान असते की दहा ते तेरा अंडी ओळीने मांडली तर एक मिलिमीटर भरेल, पण पेशी म्हणून पाहिले तर ते चांगलेच मोठे असते. शिवाय अनेक जातींत ते काचेसारखे स्वच्छ असते.

प्रयोगशाळेत अंडी मिळवण्याची रीत साधी आहे. मादीच्या शरीरात पोटॅशियम क्लोराइडचे थोडे द्रावण सुईने सोडतात आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या पेल्यावर तिला उलटी ठेवतात. पाठीवरच्या पाच छिद्रांतून अंड्यांच्या धारा खाली उतरतात. त्या पाण्यात शुक्राणूंचा एक पातळ थेंब मिसळला की साधारण मिनिटभरात प्रत्येक अंड्याभोवती एक पारदर्शक पडदा फुगून वर येतो. हा पडदा म्हणजे फलन झाल्याची पावतीच. पुढे तास-दीड तासात, काही जातींत त्याहून लवकर, अंड्याचे दोन भाग होतात, मग चार, मग आठ. हजारो अंडी जवळजवळ एकाच वेळी विभागतात. एका आईची हजारो लेकरे, एकाच पेल्यात, एकाच वयाची! प्रयोग करणाऱ्याला आणखी काय हवे?

१८७५ साली ऑस्कर हर्टविग या जर्मन तरुणाने भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर याच प्राण्याच्या अंड्यात पाहिले की, शुक्राणूतून आलेले केंद्रक आणि अंड्याचे स्वतःचे केंद्रक एकमेकांजवळ येतात आणि एक होतात. पुढच्या वर्षी त्याने ते छापले. बाप आणि आई दोघांचाही वाटा संततीत कसा येतो, याचा डोळ्यांनी पाहिलेला पुरावा असा एका काटेरी प्राण्याने दिला. नंतर इटलीतील नेपल्सचे सागरी संशोधन केंद्र आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले वुड्स होल ही गावे या अंड्यांची जणू माहेरघरेच झाली.

आता रंगाकडे वळू. आपल्यापैकी ज्यांच्या घरात रंगरेजाचा धंदा झाला आहे, त्यांना मी सांगतो ते चटकन पटेल. सगळेच रंग सगळ्याच कापडावर बसत नाहीत. लोकरीवर पक्का बसणारा रंग सुती कापडावरून पहिल्याच धुण्यात निघून जातो. रंगाला आपले कापड ओळखता येते म्हणा ना. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हातून डांबरातल्या द्रव्यांपासून जांभळा रंग तयार झाला. तो खरे तर मलेरियावरचे क्विनीन बनवायला निघाला होता. त्यानंतर कृत्रिम रंगांचे कारखाने निघाले आणि जर्मनीने त्यात आघाडी घेतली. १८७६ मध्ये हाइनरिश कारो यांनी मेथिलिन ब्ल्यू हा निळा रंग तयार केला. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांच्या कपाटात आजही तो सापडेल.

पॉल एर्लिश नावाच्या जर्मन डॉक्टरच्या मनात रंगरेजाचाच विचार आला. रंग जर कापडा-कापडांत फरक करतो, तर शरीरातल्या भागा-भागांतही करीत असला पाहिजे. १८८५-८६ च्या सुमारास त्यांनी जिवंत प्राण्याच्या शरीरात मेथिलिन ब्ल्यू सोडला. आजूबाजूचे भाग तसेच राहिले आणि मज्जातंतूंचे बारीक धागे निळे उमटले. पुढे १८९४ मध्ये त्यांनी न्यूट्रल रेड हा दुसरा रंग पुढे आणला, आणि १९०० मध्ये मिखाएलिस यांनी जेनस ग्रीन हा हिरवा रंग वापरून पेशीतले ते कण दाखवले, ज्यांना आज आपण तंतुकणिका म्हणतो. पेशीला लागणारी ऊर्जा या कणांत तयार होते.

न्यूट्रल रेड पेशीत कसा शिरतो हे समजून घेण्यासारखे आहे. या रंगाच्या कणावर विद्युतभार नसतो तेव्हा तो पेशीच्या तेलकट आवरणातून सहज आत जातो. आत काही बारीक पिशव्या आम्लधर्मी असतात. त्यात शिरल्यावर रंगाच्या कणावर भार चढतो, आणि भार चढलेल्या कणाला तेलकट आवरण ओलांडून परत येता येत नाही. खाडीतल्या जाळ्यात मासा सहज शिरतो आणि मग अडकतो, तसेच. पाण्यात रंग इतका फिका असतो की डोळ्याला जेमतेम कळावा, पण थोड्या वेळाने पाहिले तर अंड्याच्या आत लाल ठिपके चमकत असतात. रंग स्वतःच एकत्र जमा होतो. शिवाय न्यूट्रल रेड आम्लात लाल आणि अल्कलीत पिवळा दिसतो. त्यामुळे आत जागा कोणती आहे एवढेच कळत नाही, ती आंबट आहे की नाही याचीही बातमी मिळते.

हे सगळे फारच सोपे वाटत असेल तर थांबा. रंगाने दाखवले ते आधीपासून तिथे होते, की रंगामुळे तयार झाले? हाच प्रश्न मेलेल्या पेशीबद्दल होता आणि तोच आता जिवंत पेशीबद्दल उभा राहिला. १९२० च्या दशकात फ्रान्समधले मॉरिस पारा म्हणू लागले की, न्यूट्रल रेडने रंगणाऱ्या पिशव्या हेच पेशीतले एक मूळ यंत्र आहे. इतरांनी दाखवले की, रंग जास्त झाला किंवा जास्त वेळ राहिला तर पेशी त्याला कोपऱ्यात कोंडण्यासाठी नव्या पिशव्या तयार करते. पाहुणा आला म्हणून घरात नवी खोली बांधली आणि पाहुणा म्हणू लागला की ही खोली आधीपासूनच होती, असा तो प्रकार! हा वाद बरीच वर्षे चालला. त्यातून एक शिस्त निर्माण झाली: रंग कमीत कमी वापरायचा, वेळ मोजून वापरायचा, आणि न रंगवलेल्या पेशीशी तुलना केल्याशिवाय तोंड उघडायचे नाही.

प्रकाशाचाही धोका होता. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याने प्रसिद्ध केले की, ॲक्रिडिन या द्रव्याच्या पातळ द्रावणात डबक्यातले एकपेशीय जीव अंधारात सुखाने जगतात, पण उजेडात मरतात. नुसता उजेड मारत नाही, नुसते द्रव्य मारत नाही. दोन्ही मिळून मारतात. बऱ्याच रंगांचा असाच गुण आहे. म्हणजे ज्या दिव्याच्या उजेडात आपण रंगवलेले अंडे पाहतो, तोच दिवा त्याचा जीव घेऊ शकतो. निरीक्षकाने पाहावे, पण टक लावून पाहू नये, असे काहीसे.

मग रंगवलेले अंडे खरोखर निरोगी आहे हे कसे ठरवायचे? इथे सी-अर्चिनचे अंडे सर्वांत उपयोगी पडते. त्याच मादीची अंडी दोन पेल्यांत घ्यायची. एका पेल्यात रंग, दुसऱ्यात नुसते समुद्राचे पाणी. दोन्हींत एकाच वेळी शुक्राणू सोडायचे. रंगवलेल्या अंड्याचा पडदा वेळेवर फुगला, ते बहिणींच्या बरोबरीने दोन भागांत विभागले आणि पुढे त्यातून पोहणारी अळी निघाली, तरच रंगाने जे दाखवले त्यावर विश्वास ठेवायचा. अंडे मागे पडले तर कितीही सुंदर चित्र दिसो, ते बाजूला ठेवायचे. माझ्या मते या एका कसोटीसाठी तरी प्रत्येक विज्ञानशिक्षकाने हा विषय वर्गात सांगावा.

या शिस्तीचा सर्वांत कडक आग्रह धरणारा माणूस म्हणजे अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. १८८३ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात चार्ल्स्टन येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात ते जन्मले. आई शिक्षिका होती. १९०७ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातून उत्तम गुणांनी पदवी घेऊन ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले, आणि १९०९ पासून जवळजवळ दरवर्षी उन्हाळ्यात वुड्स होलला जाऊन समुद्री प्राण्यांच्या अंड्यांवर काम करू लागले. १९१६ साली त्यांना शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. अंडी कशी हाताळावीत हे जस्ट यांना विचारावे, असा त्यांचा लौकिक होता. काचेची भांडी निष्कलंक हवीत, पाण्याचे तापमान सांभाळले पाहिजे, शिळी अंडी वापरू नयेत. ज्याला निरोगी अंडे कसे दिसते हेच माहीत नाही, त्याने बिघडलेल्या अंड्यावरून सिद्धांत सांगू नयेत, असे ते बजावत. १९३९ मध्ये त्यांनी या पद्धतींवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी पेशीच्या पृष्ठभागावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अंड्याचा बाहेरचा थर हा नुसता पडदा नसून तो जिवंतपणे काम करतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळी फार थोड्यांनी ते ऐकले. नंतरच्या संशोधनाने ते मनावर घ्यायला लावले. एवढ्या योग्यतेच्या माणसाला त्याच्या देशातल्या मोठ्या संशोधन विद्यापीठांत जागा मिळाली नाही, आणि त्याचे कारण कातडीचा रंग हे होते. १९२९ नंतर ते नेपल्स, बर्लिन, फ्रान्स असे युरोपात काम करीत राहिले. १९४० मध्ये जर्मन फौजांनी फ्रान्स घेतल्यावर त्यांना कैदेत टाकण्यात आले. सुटका होऊन ते परतले आणि १९४१ मध्ये वारले. ज्या अंड्याच्या आतला रंग पाहण्यासाठी एवढा काटेकोरपणा लागतो, ते अंडे पाहणाऱ्याचा रंग पाहत नाही. लोक मात्र पाहत होते.

रंगाचा दुसरा उपयोग खुणेसाठी झाला. अंड्याचा कोणता भाग पुढे शरीराचा कोणता भाग होतो? काही वेळा ही खूण निसर्गानेच करून ठेवलेली असते. भूमध्य समुद्रातल्या पॅरासेंट्रोटस जातीच्या अंड्यावर मध्यरेषेच्या खाली नारिंगी रंगाचा एक पट्टा असतो. थेओडोर बोवेरी यांनी १९०१ मध्ये या पट्ट्याच्या आधाराने दाखवले की, बाहेरून सगळीकडे सारखे दिसणारे अंडे खरे तर वर-खाली ठरलेले असते आणि आतडे खालच्या भागातून तयार होते. जिथे निसर्गाने पट्टा दिला नाही तिथे माणसाने तो काढला. १९२५ मध्ये वॉल्टर फोग्ट यांनी अगर नावाच्या समुद्री गोंदासारख्या पदार्थाचे बारीक तुकडे नाइल ब्ल्यू आणि न्यूट्रल रेडमध्ये भिजवले आणि बेडकाच्या जातकुळीतल्या प्राण्यांच्या भ्रूणाला चिकटवले. रंगाचे ठिपके भ्रूणाबरोबर सरकत, ताणले जात आणि आत वळत. रंगीत ठिपक्याच्या मागे मागे जाऊन त्यांनी भ्रूणाचा नकाशाच काढला.

स्वीडनच्या स्वेन हॉर्स्टाडियस यांनी ही युक्ती सी-अर्चिनच्या त्या इवल्याशा अंड्यावर केली. सोळा पेशी झाल्या की खालच्या टोकाला चार अगदी लहान पेशी दिसतात. वेगवेगळे थर रंगवून आणि काचेच्या सुईने ते वेगळे करून त्यांनी प्रत्येक थराचे पुढे काय होते ते पाहिले. त्या चार लहान पेशींतून अळीच्या चुन्याच्या हाडकुळ्या काड्या तयार होतात. याच पेशी उचलून त्यांनी दुसऱ्या भ्रूणाच्या वरच्या टोकाला लावल्या, तर त्या भ्रूणात तिथे दुसरे आतडे सुरू झाले! शेजाऱ्याने सांगितले म्हणून पेशीने आपला धंदा बदलला. पेशी एकमेकींशी काय बोलतात याचा अभ्यास आज हजारो प्रयोगशाळांत चालतो. त्याच्या मुळाशी असे हाताने केलेले नाजूक प्रयोग आहेत.

माता-भगिनींनी आता विशेष लक्ष द्यावे. एथेल ब्राऊन हार्वे यांचा जन्म १८८५ साली बाल्टिमोरला झाला. तिथल्याच महिला महाविद्यालयातून त्यांनी १९०६ मध्ये पदवी घेतली आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट. लग्न झाले, दोन मुलगे झाले, तरी वुड्स होलची प्रयोगशाळा सुटली नाही. पती प्रिन्स्टनला प्राध्यापक होते. या बाईंना तशी प्राध्यापकी कधी मिळाली नाही, पण काम मात्र अखेरपर्यंत चालू राहिले.

त्यांनी आर्बेशिया जातीची तांबूस अंडी साखरेच्या द्रावणावर तरंगत ठेवून अतिशय वेगाने फिरवली. दूध घुसळले की लोणी वर येते, तसे अंड्याच्या आतले हलके-जड पदार्थ थराथराने वेगळे झाले. वर तेलाची टोपी, त्याखाली स्वच्छ थर आणि त्यात केंद्रक, मग तंतुकणिकांचा थर, मग बलक, आणि तळाला तांबडे रंगकण. अंडे मात्र जिवंत! जास्त फिरवले तर ते डंबेलसारखे लांबून मधोमध तुटे आणि त्याचे दोन तुकडे होत, एक पांढरा, एक तांबडा. या थर लावलेल्या जिवंत अंड्यांवर त्यांनी एकामागून एक रंग घालून पाहिले, कोणता थर कोणता रंग उचलतो याची नोंद केली आणि १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. एरवी सगळे मिसळलेले असते तेव्हा हिरवा ठिपका कशाचा हे ठरवणे कठीण जाई. आता प्रत्येक पदार्थ आपापल्या मजल्यावर होता.

त्याआधी १९३६ मध्ये त्यांनी याहून चकित करणारी गोष्ट सांगितली होती. ज्या तांबड्या तुकड्यात केंद्रकच नाही, शुक्राणूही सोडलेला नाही, तो अधिक खारट पाण्यात थोडा वेळ ठेवून परत आणला तर विभागू लागतो आणि त्याचा पेशींचा गोळा होतो. त्यापुढे मात्र तो जात नाही, अळी होत नाही. आज आपल्याला कारण माहीत आहे. आईने अंडे तयार करतानाच त्यात कामाच्या सूचना आणि साहित्य भरून ठेवलेले असते. ती शिदोरी सुरुवातीच्या विभाजनांना पुरते. पुढच्या प्रवासाला केंद्रकातली गुणसूत्रे लागतात. आर्बेशियावरचा हार्वेबाईंचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला आणि १९६५ मध्ये त्या वारल्या.

पुढचा काळ चमकणाऱ्या रंगांचा. डोळ्याला काही लागले असता डॉक्टर पापणीखाली एक पिवळी पट्टी टेकवतात आणि निळ्या दिव्याने पाहतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकतो. तो रंग फ्लुओरेसीन, १८७१ साली बायर यांनी प्रथम तयार केलेला. असा रंग एका रंगाचा उजेड घेतो आणि दुसऱ्या रंगाचा परत देतो. त्यामुळे काळ्याभोर पार्श्वभूमीवर त्याचा कणही दिसतो आणि फारच थोडा रंग पुरतो.

रॉजर त्सिएन हा न्यूयॉर्कमध्ये चिनी कुटुंबात जन्मलेला मुलगा. दम्यामुळे पुष्कळदा घरातच राहावे लागे, म्हणून तो घरी रसायनांचे प्रयोग करी. मोठेपणी त्याने असे रंग घडवले, जे पेशीतल्या कॅल्शियमला पकडले की आपली चमक बदलतात. १९८१ मध्ये त्याने एक सुंदर युक्ती सांगितली. रंगाला असे वेष्टन घालायचे की तो पेशीत सहज शिरेल. आत गेल्यावर पेशीतलीच द्रव्ये ते वेष्टन काढून टाकतात आणि रंग बाहेर पडू शकत नाही. दाराला कुलूप आतून लागते! १९८५ मध्ये फ्युरा-२ हा त्याचा रंग सी-अर्चिनच्या अंड्यात वापरला गेला. फलन होताच कॅल्शियम वाढते हे आठ वर्षांपूर्वी, १९७७ मध्ये, एका समुद्री जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाने कळले होते. आता दिसले की पुढे विभाजनाच्या ठराविक टप्प्यांवरही ते पुन्हा पुन्हा वर उठते. त्सिएन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेही जेलीफिशच्याच हिरव्या प्रथिनावरील कामासाठी. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा प्रयोग १९९१ सालचा आहे. पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिका नावाचे पातळ पडद्यांचे जाळे असते. मेलेल्या पेशीच्या कापांत ते तुकड्या-तुकड्यांनी दिसे. ते जिवंतपणी अखंड असते का? मार्क तेरासाकी आणि लॉरिंडा जॅफी यांनी एक चमकणारा रंग सोयाबीनच्या तेलात विरघळवला. होय, सोयाबीनच्या साध्या तेलात! त्याचा एक थेंब सुईने कॅलिफोर्नियाकडच्या एका जातीच्या सी-अर्चिनच्या अंड्यात सोडला. हा रंग पाण्यात उतरत नाही. फक्त पडद्यातून पडद्यात सरकतो, आणि पडदा तुटलेला असेल तर तिथेच थांबतो. तेलाच्या एका थेंबातून तो अंडेभर पसरला. म्हणजे जाळे अखंड होते. आतले पडदे सतत हलत होते, तर काठाजवळचे जाळे स्थिर होते. फलनानंतर दोन-तीन मिनिटांत ते बारीक होऊ लागले, पाच ते आठ मिनिटांत सर्वांत जास्त बारीक झाले, आणि मग हळूहळू पूर्ववत झाले. शुक्राणूचे केंद्रक अंड्याच्या मध्याकडे सरकू लागले तसे त्याच्याभोवती ते जमा झाले. १८९९ मध्ये उठलेल्या शंकेला, निदान या एका रचनेपुरते, जिवंत अंड्याने स्वतः उत्तर दिले.

आता पालकांचा प्रश्न. याचा उपयोग काय? मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातल्या भिंगावरचे पारदर्शक वेष्टन नीट दिसावे म्हणून सर्जन त्यावर ट्रिपॅन ब्ल्यू हा निळा रंग वापरतात. हाच रंग प्रयोगशाळेत मेलेल्या पेशी मोजायला लागतो, कारण जिवंत पेशी त्याला आत घेत नाही आणि मेलेली घेते. आणि मर्यादाही सांगतो. मूल होत नाही म्हणून ज्यांच्यावर उपचार होतात त्यांचे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवतात, पण गर्भाशयात ठेवायच्या भ्रूणाला रंग लावत नाहीत. त्याची नुसती छायाचित्रे घेतात. शंभर वर्षे अंडी रंगवूनच हे शहाणपण आले आहे.

विद्यार्थ्यांना मी मोकळ्या हाताने पाठवणार नाही. सी-अर्चिन गोळा करायला खडकांवर जाऊ नका. डबक्यातले पॅरामिशियम पुरेल. बेकरीतले थोडे यीस्ट पाण्यात कालवून त्यात काँगो रेड या रंगाची चिमूट टाकावी आणि उकळावे. हा रंग अंगावर लागणे चांगले नाही, म्हणून हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालूनच करावे. मिश्रण थंड झाल्यावर त्याचा अगदी बारीक थेंब पॅरामिशियमच्या थेंबाशेजारी ठेवून वर काच झाकावी. यीस्ट मेलेले आहे, पॅरामिशियम जिवंत आहे. ते लाल यीस्ट गिळू लागेल आणि त्याच्या पोटात लाल गोळे दिसतील. काही मिनिटांत त्यांतले काही गोळे जांभळे-निळे होतील, कारण काँगो रेड आम्लात निळा पडतो. पुढे तेच पुन्हा लालसर होऊ लागतील. शेजारी रंग न घातलेल्या यीस्टचीही एक पट्टी ठेवा, दोन्हींतली पॅरामिशियम सारख्याच वेगाने पोहतात का ते पाहा, दिवा लागेल तेवढाच लावा, आणि पहिला गोळा निळा झाला ती वेळ घड्याळ पाहून वहीत लिहा.